माफीची सनद

राज्याने प्रजेपासून कर घ्यावा, ही गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु सर्वांपासून कर घेणाऱ्या राज्याने मधूनच एखाद्यास ‘तुझा कर माफ’ असे का म्हणावे, हे तितक्या सहजपणे उमगत नाही. शहरातील एखाद्या कुटुंबातून आनंदवनाच्या किंवा हेमलकशाच्या नावाने देणगी जाते. काही दिवसांनी पावती येते. तिच्या तळाशी करसवलतीची एक ओळ छापलेली असते. वर्षअखेरीस ती पावती इतर कागदपत्रांत जाऊन बसते आणि विषय तेथेच संपतो. त्या एका ओळीमागे केवढा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाने चांदा-गडचिरोलीच्या अरण्यात काय घडविले व काय अडविले, ह्याचा विचार सहसा होत नाही.

करमाफीविषयी दोन समजुती रूढ आहेत. एक अशी की, ती सत्कार्याबद्दल सरकारने दिलेली शाबासकी होय. दुसरी अशी की, ती चतुर लोकांनी कायद्यात ठेवून घेतलेली पळवाट होय. दोहोंना थोडाथोडा आधार आहे. पण मूळ कल्पना दोहोंहून निराळी आहे. माफी हा एक करार असतो. राज्य आपल्या हक्काचे उत्पन्न सोडून देते, आणि त्याच्या मोबदल्यात दुसरा पक्ष लोकांच्या उपयोगाचे एखादे काम अंगावर घेतो. सोडलेले उत्पन्न हे लोकांचेच असल्यामुळे त्याचा हिशेबही लोकांनाच द्यावा लागतो. हा करार ह्या अरण्यप्रदेशाला प्राप्तिकराच्या जन्मापूर्वीपासून ठाऊक आहे.

आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि त्या अखंड मुलखास पूर्वी चांदा हे नाव होते. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसेपर्यंत येथे गोंड राजांची सत्ता होती. ह्या मुलखात पाऊस पुष्कळ पडतो. परंतु चार महिन्यांत पडून तो नद्यांवाटे निघून जातो. भाताचे पीक हमखास हाती यावयाचे तर पाणी अडविल्यावाचून गत्यंतर नाही. गावोगाव तलाव बांधण्याइतका पैसा राजाच्या खजिन्यात कोठून असणार? तेव्हा जो कोणी रान तोडून तलाव बांधील, त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन सनदेने मिळावी, अशी वहिवाट गोंड राजांनी पाडली, असे ह्या जिल्ह्याच्या जुन्या महसुली नोंदी सांगतात. ‘तुकूम’ हा शब्द अशाच देणगीच्या जमिनीशी जोडला जातो, आणि चंद्रपूर शहराच्या एका भागास आजही ते नाव आहे. ब्रह्मपुरीकडील कोहळी समाजाची तलाव बांधण्यातील कीर्ती तर सर्वश्रुतच आहे.

ह्या व्यवहाराचे मर्म नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. राजा बांधणाऱ्यास काही देत होता, हे खरे. पण तो देत होता ते आपल्या खजिन्यातले नाणे नव्हते. जे उत्पन्न पुढे कधीतरी खजिन्यात आले असते, त्यावरचा हक्क तो सोडीत होता. बांधणाऱ्याला जमीन मिळाली, गावाला पाणी मिळाले, आणि राजाला वसलेले गाव मिळाले. खजिन्यातून एक छदाम न काढता लोककार्य घडवून आणण्याची ही युक्ती आधुनिक करसवलतीची सख्खी पूर्वज होय.

देवस्थानांच्या माफीची कथा ह्याच जातीची आहे. मराठी राज्यांत देवळे, मठ, पाठशाळा व विद्वान ब्राह्मण ह्यांना साऱ्याची माफी असलेल्या जमिनी देण्याचा प्रघात सर्वत्र होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि दुसऱ्या वर्षी नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्याबरोबर चांदाही त्यांच्या ताब्यात गेला. नव्या सरकारने हिंदुस्थानात जेथे जेथे माफीच्या जमिनी पाहिल्या, तेथे तेथे त्यांच्या सनदा तपासल्या. त्या चौकशीचे साधारण सूत्र असे होते की, माणसाला दिलेली माफी बहुधा त्याच्या किंवा त्याच्या वंशाच्या हयातीपुरती. पण देवळाला वा धर्मशाळेला दिलेली माफी ती संस्था चालू आहे आणि तिचे काम होत आहे तोपर्यंत. म्हणजे माफी व्यक्तीची नव्हे, कार्याची. आणि कार्य संपले की माफीही संपली. हे तत्त्व कागदावर रोखठोकपणे उतरले, ते त्या काळात.

तलावांच्या वाट्याला मात्र निराळे नशीब आले. इंग्रजी अमदानीत गावांची मालकी मालगुजारांकडे गेली आणि तलावही त्यांच्याकडे आले. पुढे मध्यप्रदेश सरकारने १९५० मध्ये जमीनदारी-मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला, आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. तो कायदा कुळांच्या दृष्टीने न्याय्यच होता. परंतु ज्याच्या पदरात तलावाचा लाभ होता, त्याच्याच शिरावर गाळ काढण्याचे व पाळ सांभाळण्याचे ओझे होते; लाभ गेला तेव्हा ओझेही गळून पडले, आणि ते उचलावयास तितक्या जवळचे दुसरे कोणी पुढे आले नाही. पूर्व विदर्भात आज ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, ते हेच माजी मालगुजारी तलाव. त्यांतील कित्येक गाळाने भरून गेले. जुना करार मोडताना नवा करार लिहिला नाही, तर लोककार्याची काय गत होते, ह्याचे हे ढळढळीत उदाहरण होय.

आता प्राप्तिकराकडे वळू. हिंदुस्थानात हा कर प्रथम १८६० मध्ये जेम्स विल्सन ह्यांनी आणला. १८५७ च्या उठावाने सरकारच्या डोक्यावर झालेले कर्ज हे त्याचे कारण. तो मध्यंतरी बंद पडला, पुन्हा सुरू झाला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा स्थिरावला. ह्या १८८६ च्या कायद्यात केवळ धार्मिक किंवा सार्वजनिक धर्मादाय कार्यासाठी योजिलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नास सूट होती. परंतु ‘धर्मादाय’ म्हणजे काय? भिकाऱ्यास पैसा घालणे एवढेच, की शाळा, दवाखाना, वाचनालय हेही त्यात बसते?

इंग्लंडात हा प्रश्न पार एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्यापासून चर्चिला जात होता. त्याचा निर्णायक निकाल १८९१ मध्ये पेमसेलच्या खटल्यात लागला. मोरेव्हियन पंथाच्या मिशनकार्यासाठी ठेवलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर कर घ्यावा की नाही, असा तो वाद होता. करखात्याचे म्हणणे असे की, धर्मादाय म्हणजे गरिबांस मदत, दुसरे काही नाही. लॉर्ड मॅकनॉटन ह्यांनी ते नाकारले, आणि दारिद्र्यनिवारण, शिक्षणप्रसार, धर्मप्रसार व समाजास हितकर अशी इतर कार्ये, असे धर्मादायाचे चार वर्ग सांगितले. हिंदुस्थानात १८९० च्या धर्मादाय देणग्यांच्या कायद्यात जवळजवळ अशीच व्याख्या आली होती. तीत धर्मप्रसाराऐवजी वैद्यकीय साहाय्याला स्थान होते. तीच व्याख्या पुढे १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने उचलली आणि १९६१ च्या कायद्यानेही चालविली: गरिबांस साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचे कोणतेही अन्य कार्य. अवघ्या एका ओळीची ही व्याख्या. पण तिच्या शब्दाशब्दावर पुढे संस्थांचे भवितव्य टांगले गेले.

ह्या सर्व काळात सवलत होती ती संस्थेच्या उत्पन्नाला. देणाऱ्याला त्यातून काही मिळत नसे. १९४८ मध्ये जुन्या कायद्यात एक नवे कलम घालून देणगीदाराच्या करातही सूट देण्यात आली. तेच कलम पुढे रूप बदलत बदलत १९६८ पासून ‘८० जी’ ह्या नावाने घरोघरी परिचित झाले. ह्या सवलतीचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. शेकडा तीस दराने कर भरणाऱ्या गृहस्थाने एखाद्या मान्य संस्थेस दहा हजार रुपये दिले. त्यातील निम्मी रक्कम, म्हणजे पाच हजार, त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा झाली, तर त्याचा कर दीड हजारांनी कमी होतो. म्हणजे त्याच्या खिशातून खरोखर गेले ते साडेआठ हजार; उरलेले दीड हजार सरकारी तिजोरीने, पर्यायाने देशातील प्रत्येक करदात्याने, दिले. पावतीवर नाव एकाचे असते. पण देणगी दोघांची असते. हे ध्यानात आले म्हणजे अशा संस्थेचा हिशेब मागण्याचा अधिकार देणगी न देणाऱ्यालाही का असतो, हे निराळे सांगावे लागत नाही.

देणगीदारास सूट मिळाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, वरोऱ्यास महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. मुरलीधर देविदास आमटे, ज्यांस सारा महाराष्ट्र बाबा आमटे म्हणून ओळखतो, ते वरोऱ्यात वकिली करीत होते. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी त्यांनी ती सोडली. सरकारने त्यांना वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन दिली, आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर ही वसाहत उभी राहिली, असे सांगितले जाते. सारावसुलीच्या दृष्टीने कवडीमोल अशी जमीन सरकारने सोडली आणि ज्यांना गावाने बाहेर घातले होते त्यांनी तीत विहिरी खणल्या. तुकुमाची जुनी रीत नकळत पुन्हा अवतरली होती.

परंतु आनंदवनाने कायद्यापुढे एक कोडे टाकले. कायद्याची भाषा धर्मादायाची होती, आणि संस्थापकाला तर त्या शब्दाचाच तिटकारा होता. दान माणसास दुबळे करते, काम त्यास उभे करते, हे बाबांचे ब्रीद. रुग्णाने हात पसरावयाचे नाहीत, त्या हातांनी पिकवावयाचे व घडवावयाचे, असा तेथील परिपाठ. भाजीपाला झाला, दूध झाले. पण वरोऱ्यातील लोक ते विकत घ्यावयास धजत नव्हते. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ह्या संस्थेचे परदेशी तरुण आनंदवनात राहून इमारती बांधू लागले, रुग्णांनी पिकविलेले खाऊ लागले, तेव्हा कोठे गावाची भीती ओसरली व विक्री सुरू झाली. पुढे हातमाग, सुतारकाम, लोहारकाम, छपाई असे उद्योग निघाले. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ येथे शेतीचा प्रकल्प उभा राहिला. जी संस्था दूध, धान्य, कापड विकते आणि पैसे घेते, ती धर्मादाय की व्यापारी?

हा प्रश्न एकट्या आनंदवनाचा नव्हता. कष्टकऱ्यांस पायांवर उभे करू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेचा होता. १९६१ च्या कायद्याने लोकोपयोगी कार्याच्या व्याख्येस ‘नफ्यासाठी कोणताही व्यवसाय न करता’ अशा अर्थाची पुस्ती जोडली होती. कर्नाटकात वृत्तपत्र चालविणाऱ्या लोकशिक्षण न्यासाला ह्याच पुस्तीमुळे १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सवलत नाकारली गेली. १९७९ मध्ये सुरतच्या कृत्रिम रेशमी कापडाच्या उत्पादकांच्या संस्थेच्या खटल्यात न्यायालयाने दृष्टी बदलली: संस्थेचा प्रधान हेतू लोकहिताचा असेल, तर ओघाने झालेल्या नफ्याने ती भ्रष्ट होत नाही. १९८३ मध्ये संसदेने ती पुस्तीच काढून टाकली. पण धर्मादायाच्या आडून व्यापार करणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा २००८ मध्ये ती निराळ्या शब्दांत परत आली. लोकोपयोगी संस्थेने फी घेऊन व्यापार केला तर तिची सवलत जाईल, असे ठरले. आणि २०१५ मध्ये अशा व्यापाराची मर्यादा एकूण जमेच्या शेकडा वीस इतकी बांधली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या निकालात ह्या निर्बंधाचा अर्थ कडक लावला.

ह्या धामधुमीत आनंदवनासारख्या संस्था कशाच्या बळावर तरल्या असतील, हे व्याख्येच्या रचनेवरून कळते. व्यापाराचा निर्बंध चौथ्या वर्गापुरता, म्हणजे ‘अन्य लोकोपयोगी कार्य’ ह्यापुरता होता. गरिबांस साहाय्य, शिक्षण व वैद्यकीय साहाय्य हे पहिले तीन वर्ग त्यातून मोकळे राहिले, आणि डिसेंबर २००८ च्या परिपत्रकात प्रत्यक्ष कर मंडळाने तसा खुलासाही केला. रुग्णाने विणलेली सतरंजी विकणे हे त्याच्या पुनर्वसनाचे अंग असेल आणि त्या उद्योगाचा जमाखर्च निराळा ठेवला असेल, तर तो धंदा धर्मादायास बाधक ठरत नाही. २००९ मध्ये व्याख्येत आणखी एक भर पडली: पाणलोट, वने व वन्यजीव ह्यांसह पर्यावरणाचे रक्षण. अरण्यप्रदेशात काम करणाऱ्या संस्थांस ह्या भरीचे मोल वेगळे सांगावयास नको. संस्था कमावते की नाही, हा ह्या साऱ्याचा कस नव्हे. कमावलेले कोणाच्या घरात जाते, हा खरा कस होय.

तो कस लावण्याची यंत्रणाही समजून घेणे इष्ट आहे. महाराष्ट्रातील संस्थेस साधारणतः दोन उंबरठे ओलांडावे लागतात. पहिला धर्मादाय आयुक्तांचा. १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा मूळ मुंबई राज्याचा. चांदा तेव्हा मध्यप्रदेशात होता, आणि १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर तो यथावकाश येथे लागू झाला. दुसरा उंबरठा प्राप्तिकर आयुक्तांचा. एका ठिकाणची नोंदणी दुसऱ्या ठिकाणी आपोआप चालत नाही, आणि नवख्या संस्थांची फसगत पुष्कळदा येथेच होते. नोंदणी झाल्यावरही उत्पन्न आपोआप माफ होत नाही. वर्षाच्या उत्पन्नापैकी शेकडा पंच्याऐंशी भाग त्याच कार्यावर खर्च करावा लागतो; न झाल्यास काही ठराविक हेतू सांगून तो पाच वर्षांपुरता बाजूस ठेवता येतो. शिल्लक पैसा कायद्याने नेमून दिलेल्या ठिकाणीच गुंतवावा लागतो. संस्थापकास, विश्वस्तांस वा त्यांच्या आप्तेष्टांस संस्थेच्या मालमत्तेचा गैरवाजवी लाभ झाला, तर सवलत जाते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही हा सांगाडा मुख्यत्वे तसाच ठेवला आहे.

सोडलेल्या कराचा मोबदला लोकांस मिळाला काय, हे पाहावयाचे तर वरोऱ्याहून दक्षिणेस व पूर्वेस अरण्यात शिरले पाहिजे. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांनी जेथे उपचार आरंभिले, तेथे त्या वेळी पावसाळ्यात रस्ते बंद होत, वीज नव्हती, आणि माडिया रुग्णाजवळ फीसाठी पैसाच नव्हता. अशा ठिकाणी संस्थेच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या माफीचा उपयोग तो काय? उत्पन्न असेल तर माफी! तेथे जीव धरून ठेवला तो देणगीने. मुंबई-पुण्याच्या घरांतून निघालेला पैसा दंडकारण्यात पोहोचण्यास देणगीदाराच्या सवलतीने थोडाबहुत हातभार लावला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीच्या ‘सर्च’ ह्या संस्थेचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास तिचा पाया घातला. खेड्यातील बाळ जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच दगावते, आणि रुग्णालय तर दूर. मग गावातल्याच बाईस शिकवून घरीच नवजात बाळाची निगा राखता येईल काय, असा प्रश्न त्यांनी घेतला. एकोणचाळीस गावांत तीन वर्षे प्रयोग झाला. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तान्त आला: नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण शेकडा बासष्टने घटले होते. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. सरकारी खात्यास असा प्रयोग करणे अवघड असते, कारण फसलेल्या प्रयोगाचा जाब त्यास ताबडतोब द्यावा लागतो. लोकसंस्था तो धोका पत्करू शकते. सोडलेल्या कराच्या मोबदल्यात राज्याला कधीकधी केवळ सेवाच नव्हे, तर स्वतःला करता न येणारा शोधही मिळतो, तो असा.

येथवरचा इतिहास कराराच्या यशाचा आहे. पण ह्याच अरण्यात असाही एक प्रकार उभा राहिला आहे की, जो ह्या व्याख्यांच्या कोणत्याच खणात नीट बसत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार त्या गावच्या ग्रामसभेस २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला, आणि श्री. देवाजी तोफा ह्यांनी तो गावाच्या वतीने स्वीकारला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजारांहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले. बांबू व तेंदूपाने ह्यांची विक्री आता त्या स्वतः करतात, आणि त्यांच्या खात्यांत लाखोंच्या रकमा येतात.

करखात्याच्या दृष्टीने ही ग्रामसभा कोण? ती न्यास नव्हे. तिला कोणी स्थापन केले नाही, ती गावाइतकीच जुनी आहे. १९६१ च्या कायद्यात स्थानिक प्राधिकरणास माफी होती. पण २००२ मधील दुरुस्तीने त्या शब्दाचा अर्थ पंचायत, नगरपालिका इत्यादींपुरता मर्यादित केला, आणि त्या यादीत ग्रामसभेचे नाव नव्हते. शेतीच्या उत्पन्नास माफी आहे. पण रानात आपोआप उगवलेल्या झाडाचे उत्पन्न म्हणजे शेतीचे उत्पन्न नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगून ठेवले आहे. नागालँड, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा, अरुणाचल अशा प्रदेशांतील अनुसूचित जमातींच्या व्यक्तीस तेथे मिळविलेल्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. गडचिरोलीच्या माडियास वा गोंडास मात्र ती सवलत लागू नाही. मजुरी वाटून झाल्यावर उरलेल्या पैशातून जी ग्रामसभा जंगलाची राखण करते, ती वस्तुतः ‘वनांचे रक्षण’ हेच कार्य करीत असते, आणि ते कार्य व्याख्येत आहे. कार्य बसते, पण कर्ता बसत नाही. हा पेच केवळ शब्दांचा नाही. कागद भरावयास जाणता माणूस नसलेल्या गावाला करखात्याची एखादी सूचना आली, तर त्या गावाने इतक्या कष्टाने मिळविलेला आत्मविश्वास डळमळू शकतो.

लहान संस्थांची अडचणही ह्याच जातीची आहे. २०२१ पासून जुन्या-नव्या सर्वच संस्थांस नव्याने नोंदणी घ्यावी लागली आणि ती दर पाच वर्षांनी नवी करण्याचे बंधन आले. प्रत्येक देणगीचे विवरणपत्र भरणेही सक्तीचे झाले. खोट्या संस्थांस आळा घालावयाचा तर हे योग्यच. परंतु मुंबईतील मोठ्या न्यासाच्या दाराशी हिशेबतपासनीस असतो. एटापल्लीच्या संस्थेस त्यासाठी शेकडो किलोमीटर जावे लागते. नियम दोघांस एकच, पण त्याचे ओझे एकच नव्हे. २०२५ मध्ये पाच कोटींच्या आतील उत्पन्नाच्या संस्थांसाठी नोंदणीची मुदत दहा वर्षांची करण्यात आली, ही त्या ओझ्याची दखलच म्हणावयाची. दुसरीकडे, २०२० मध्ये आलेल्या आणि २०२३ पासून पुढे मुख्य ठरलेल्या कराच्या नव्या पद्धतीत देणगीची वजावटच नाही. जो मध्यमवर्ग ती पद्धत पत्करतो, त्याच्या पावतीवरील ती ओळ त्याच्यापुरती निरर्थक झाली आहे. आता तो देईल ते पूर्णपणे स्वतःच्या पदरचे देईल. त्याने दिले तर ते अधिक शुद्ध दान ठरेल, हे खरे. न दिले तर अरण्यातील दवाखान्याने काय करावे, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

गोंड राजाच्या सनदेत आणि आजच्या नोंदणीपत्रात चारशे वर्षांचे नसले तरी दीर्घ अंतर आहे; पण दोहोंचा आशय एकच आहे, आणि तो दोन्ही पक्षांस बांधतो. संस्थेने आपला ताळेबंद लोकांपुढे उघडा ठेवला पाहिजे, कारण तिच्या पैशात न दिलेल्यांचाही वाटा आहे. राज्याने नियम करताना हे पाहिले पाहिजे की, पळवाट बुजविण्याच्या भरात पाण्याची वाटच बुजत नाही ना. आणि मेंढ्यासारख्या गावासाठी जुन्या खणांत जागा नसेल, तर नवा खण करावा. मामा तलावांच्या बाबतीत तो करावयाचा राहून गेला. त्या तलावांतील गाळ उपसण्याचे काम सरकार, गावकरी आणि लोकसंस्था आज मिळून, सावकाश व पुष्कळ खर्चाने करीत आहेत.